म्युझियममध्ये मोबाइल? ऑन ठेवा!

मॉल, मल्टिप्लेक्स आणि पुन्हा मॉल. वीकेण्डचं हे चक्र मोडायचं असेल, तर म्युझियम नावाची एक कमी गर्दीची, कमी खर्चाची आणि भन्नाट जागा आपल्या शहरातच असते. आता तर तिथे फोन बाहेर काढायचं आमंत्रणच मिळतं. फक्त तो कशासाठी काढायचा, तेवढं ठरवूनच जा.

एक फोटो तुम्हीही कधीतरी फॉरवर्ड केला असेल. अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम. मागे रेम्ब्रांचं 'द नाइट वॉच', म्हणजे जगातल्या सुपरफेमस पेंटिंग्जपैकी एक. आणि पुढे त्याच्याकडे चक्क पाठ करून बाकावर बसलेली शाळकरी मुलं, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. २०१४ साली एका डच लेखकानं काढलेला हा फोटो जगभर फिरला. खाली कॉमेंट ठरलेली : 'आजकालची पिढी, दुसरं काय!'

पण थांबा. ती मुलं गेम खेळत नव्हती. म्युझियमचंच अॅप उघडून शाळेनं दिलेलं काम करत होती. थोड्याच वेळापूर्वी हीच मुलं दुसऱ्या चित्रांसमोर बसून मन लावून ऐकत होती, असं खुद्द फोटो काढणाऱ्यानंच नंतर सांगितलं. म्हणजे पिढी निर्दोष सुटली!

तरीही तो फोटो माझ्या डोक्यातून जात नाही. मुलं टाइमपास करत नव्हती, कबूल. पण चित्र पाठीमागे आणि माहिती हातात, हेही खरंच की. म्युझियमचं अॅप म्हटलं की नेमका हाच घोळ होतो. जे बघायला तिकीट काढलं ते राहतं बाजूला, आणि आपण त्याच्याबद्दल वाचत बसतो. म्हणून माझी टेस्ट एकदम सोपी आहे. अॅप माझी मान वर करायला लावतं की खाली? बाकी ग्राफिक्स, अॅनिमेशन, थ्रीडी वगैरे सगळं नंतर.

कानाला काहीतरी लावून म्युझियम फिरायचा फंडा तसा नवा नाही. १९५२ साली, अॅमस्टरडॅममध्येच, स्टेडेलिक म्युझियमनं लोकांच्या हातात छोटे रेडिओ रिसीव्हर दिले होते. टेपवरचं भाषण शॉर्टवेव्हवरून दालनांत ऐकवलं जायचं. गंमत अशी की, सगळ्यांना एकाच वेळी एकच वाक्य ऐकू यायचं, त्यामुळे अख्खी गर्दी एका चित्रावरून दुसऱ्या चित्राकडे एकदम सरकायची. कवायतच म्हणा ना! पुढे कॅसेट आल्या, मग गळ्यात अडकवायचे डबे आले. पॅरिसच्या लूव्हरनं तर २०१२ मध्ये निन्टेन्डो थ्रीडीएस हे गेमिंगचं मशीनच गाइड म्हणून हातात ठेवलं. निन्टेन्डोनं २०२० साली त्याचं उत्पादन थांबवलं. मोनालिसा पाचशे वर्षं टिकून आहे, तिची माहिती सांगणाऱ्या मशीनला धड दहा वर्षांचं मार्केटही मिळालं नाही.

मग स्मार्टफोन आले आणि म्युझियमवाल्यांची चंगळ झाली. मशीन विकत घ्यायचं नाही, चार्ज करायचं नाही, पब्लिक आपापलं घेऊन येतंच. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीनं २०१० मध्येच 'एक्सप्लोरर' नावाचं अॅप काढलं. त्याचं मुख्य काम काय, तर रस्ता दाखवणं. डायनॉसोर कुठे आणि टॉयलेट कुठे. हसू नका, एवढ्या अवाढव्य इमारतीत दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त अर्जंट असू शकतो.

सगळ्यात डेअरिंगबाज निघालं ते ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरातलं 'मोना' म्युझियम. डेव्हिड वॉल्श या गडी माणसानं जुगारात गणित लावून बक्कळ पैसा कमावला आणि २०११ मध्ये हे म्युझियम उघडलं. त्यानं भिंतीवरच्या पाट्याच काढून टाकल्या! ना चित्राचं नाव, ना चित्रकाराचं. हातात दिलं 'द ओ' नावाचं एक उपकरण. तुम्ही कुठे उभे आहात ते त्याला कळायचं आणि आसपासच्या कलाकृतींची माहिती स्क्रीनवर यायची. पटलं तर 'लव्ह' दाबायचं, नाही पटलं तर 'हेट'. मला यातली पाट्या काढायची आयडिया 'हेट' बटणापेक्षाही आवडली. कारण आपण म्युझियममध्ये नेमकं काय करतो? आधी पाटी वाचतो, नाव ओळखीचं असेल तर चित्राकडे बघतो, नसेल तर पुढे. पाटीच नसली की आधी बघावं लागतं. मग हवं असेल तर वाचा.

विचारा की राव!

पण माझा फेव्हरिट प्रयोग ब्रुकलिन म्युझियमचा. २०१५ मध्ये त्यांनी 'आस्क' नावाचं अॅप आणलं. त्यात ऑडिओ टूर नव्हती, व्हिडिओ नव्हता. होती फक्त मेसेज टाइप करायची जागा. एखाद्या मूर्तीसमोर उभं राहायचं आणि मनात येईल ते विचारायचं. पलीकडे कॉम्प्युटर नाही, तर त्याच इमारतीत बसलेली, कलेचा इतिहास शिकलेली माणसं. दालनांत बसवलेल्या छोट्या ब्लूटूथ बीकनमुळे तुम्ही साधारण कुठे उभे आहात ते त्यांना कळायचं. सुरुवातीला हे फक्त आयफोनवाल्यांसाठी होतं, अॅण्ड्रॉइडवाल्यांना पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. (तिकडेही हेच!)

वरवर बघता हे कस्टमर केअरसारखं वाटतं. पण विचार करा. प्रश्न विचारायचा म्हणजे आधी काहीतरी दिसलं पाहिजे. 'हिचं नाक का तुटलंय?' हे विचारायलासुद्धा नाक बघावं लागतं. पलीकडचा माणूस हुशार असेल तर उत्तराबरोबर आणखी एक शेपूट जोडतो : 'आता तिच्या उजव्या हाताकडे बघा बरं.' झाली मान वर! माझ्या टेस्टमध्ये फुल्ल मार्क्स.

अडचण एकच, आणि ती तुमच्या-माझ्या ऑफिसातल्या बजेट मीटिंगमध्येही पहिली निघाली असती. अॅप बनवायचा खर्च एकदाच मंजूर होतो, उत्तर देणाऱ्या माणसाला मात्र दर महिन्याला पगार लागतो. ब्रुकलिनच्या पाठीशी ब्लूमबर्गच्या फाउंडेशनचा पैसा होता. सगळ्यांच्या पाठीशी कुठला असायला?

'मग एआयला बसवा की तिथे,' असं आमच्या ऑफिसातला प्रत्येक जण म्हणाला. चॅटबॉट थकत नाही, रजा मागत नाही. खरंय. पण त्यानंतर आम्ही पुण्यात एक उद्योग केला आणि माझं मत जरा बदललं.

आम्ही चौघं ऑफिसचे लोक, शनिवारचा दिवस, शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर म्युझियम. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर यांनी गावोगाव फिरून, एकेका वाड्यातून गोळा केलेल्या वीस हजारांहून जास्त वस्तू. आणि म्युझियमला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. इथे राजामहाराजांपेक्षा घरातल्या वस्तूंचा थाट जास्त. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, वजऱ्या. आमचा गेम असा : प्रत्येकानं एक वस्तू निवडायची, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला व्हॉट्सअॅपवर तिच्याबद्दल विचारायचं. अट एकच, फोटो पाठवायचा नाही. वर्णन करायचं.

मी वजरी निवडली आणि साताऱ्याला आजीला लिहिलं, 'पितळेची आहे, वर पक्षी, खाली खरखरीत.' तिकडून व्हॉइस मेसेज आला : 'अगं, पक्षी म्हणजे कुठला? मोर का पोपट? नीट बघ की जरा!' मी पुन्हा काचेला नाक लावलं. मग पुढचा मेसेज : 'पोटात पोकळ आहे का? आत खडे असतात बघ. घासताना वाजते ती.' मला काय माहीत, काचेच्या आतली वजरी वाजवणार कशी? तर आजी म्हणाली, 'आमच्याकडे मातीची होती, साधी. पितळेची होती माझ्या सासूबाईंकडे. बाळंतिणीला न्हाऊ घालताना काढायच्या. तो आवाज आला की आम्हा पोरींना कळायचं, आता आत जायचं नाही.'

एकूण अकरा मेसेज आले. वजरीवरून न्हाणीघर, न्हाणीघरावरून चूल, चुलीवरून एका नणंदेचं भांडण. अडकित्ता निवडलेल्या मित्राला नागपूरहून आजोबांनी सुपारीचे खांड करायचे प्रकार सांगितले आणि वर 'तू तंबाखू तर खात नाहीस ना?' असंही विचारलं. दोन तासांत आम्ही जेमतेम दीड दालन पाहिलं. पण चौघांनाही त्या चार वस्तू अजून डोळ्यांसमोर जशाच्या तशा दिसतात.

पुण्याच्याच सी-डॅकनं म्युझियमसाठी 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर बनवलंय. देशातल्या मोठमोठ्या सरकारी म्युझियमच्या वस्तूंच्या डिजिटल नोंदी त्यात झाल्यात, आणि 'म्युझियम्स ऑफ इंडिया' या पोर्टलवर घरबसल्या बघता येतात. काम मोलाचं आहे, कारण पाठीमागे नोंदच नसेल तर अॅप दाखवणार काय? पण अशा नोंदीचे रकाने ठरलेले असतात. धातू कुठला, उंची किती, काळ कुठला. वजरीचा आवाज ऐकून पोरी दारातच थांबायच्या, याला रकाना नसतो. आणि जे कुठेच लिहिलेलं नाही, ते चॅटबॉटला तरी कुठून मिळणार? आजी आता ८४ वर्षांची आहे. ते अकरा मेसेज मी वेगळे सेव्ह करून ठेवलेत. म्युझियमवाल्यांनी माझ्यासारख्या शंभर जणांकडून असे आवाज मागून घेतले, वस्तूशेजारी एक क्यूआर कोड चिकटवला, तर मी ते अॅप पैसे देऊन घेईन. मराठीत, आजीच्याच आवाजात. 'ही पितळी वजरी प्राचीन कारागिरीचा उत्कृष्ट नमुना होय' असल्या भाषेत नको, प्लीज!

सेल्फीचं काय?

म्युझियम आणि फोन म्हटलं की सेल्फी आलीच. 'गूगल आर्ट्स अॅण्ड कल्चर' अॅप आपला चेहरा कुठल्या जुन्या चित्रासारखा दिसतो ते दाखवायला लागलं आणि २०१८ च्या जानेवारीत धमाल उडाली. पण गोऱ्यांना भरपूर चेहरे मिळाले आणि आशियाई लोकांना फिरून फिरून त्याच चार-दोन छापाच्या जोड्या. कारण उघड होतं, अॅपच्या पोतडीत भरणा युरोप-अमेरिकेच्या चित्रांचा. मशीन तेच परत देतं, जे आपण त्यात घालतो.

प्रत्येक जागा फोनची नसते, हेही सांगायला हवं. २०१६ मध्ये पोकेमॉन गोचं खूळ ऐन भरात असताना लोक वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियममध्ये पोकेमॉन पकडत फिरायला लागले. शेवटी म्युझियमला सांगावं लागलं की, इथे नको. तिथे फोन खिशात. त्यावर चर्चाच नाही.

बाकी ठिकाणी मात्र बिनधास्त काढा. पुढच्या रविवारी काळा घोड्याला गेलात, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले असिरियन कोरीव दगड शोधा. आजच्या इराकमधल्या निमरूदचे, अडीच हजारांहून जास्त वर्षांचे, आणि ऑफिसातल्या दहापैकी नऊ जणांना ते मुंबईत आहेत हेच माहीत नसतं. त्यातल्या एकाच आकृतीचं वर्णन तीन ओळींत टाइप करून ग्रुपवर टाका. बघू कोण ओळखतं!

भायखळ्याला गेलात, तर भाऊ दाजी लाड म्युझियमबाहेरचा दगडी हत्ती बघा. पोर्तुगीजांनी घारापुरीला ज्याच्यावरून 'एलिफंटा' म्हटलं, तोच हा. इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडून फुटला आणि पुढे तुकडे जोडून इथे उभा राहिला. गूगल करायच्या आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारा, जोड सापडतात का बघा.

आणि हो, फोन फ्लाइट मोडवर टाकू नका, फक्त सायलेंटवर ठेवा. घरून उलटा प्रश्न येऊ शकतो.