समुद्रफेसाचा पाइप

लहानपणी आमच्या अंबरनाथच्या घरात, औषधांच्या डब्यात एक पांढरी, हलकी वडी असायची. अम्मी तिला समुंदरझाग म्हणायची, शेजारच्या आजी समुद्रफेन म्हणायच्या. खरं तर ते माकूल या समुद्रातल्या जिवाच्या पाठीतलं हाड. दिसतं वाळलेल्या फेसासारखं, म्हणून हे नाव. पन्नाशी उलटल्यावर हेच नाव मला पुन्हा भेटलं, तेही तंबाखूच्या पाइपाच्या रूपात.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात माझे एक सिंधी मित्र राहतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथल्या बराकींत उतरली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. लष्कर गेलं, ‘कॅम्प’ हा शब्द मात्र राहिला. या मित्रांच्या आजोबांचा हुक्का त्यांच्या घरात अजून जपून ठेवलेला आहे. मागच्या वर्षी ते तुर्कस्तान पाहून आले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात मखमली डबी ठेवली. आत पांढराशुभ्र पाइप, वाटीवर पागोटं घातलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा कोरलेला. म्हणाले, “साईं, शायराच्या हातात हाच शोभतो.” बदलापूर लोकलच्या गर्दीत ती डबी मी लहान मुलासारखी छातीशी धरून घरी आणली.

या दगडाला मीरशम म्हणतात. शब्द जर्मन, अर्थ समुद्राचा फेस. फारसीत कफ-ए-दर्या असा शब्द आहे, जर्मन शब्द त्याचंच भाषांतर असावा, असं कोशकार मानतात. तुर्की माणूस काव्यात पडत नाही. तो सरळ लुलेताशी म्हणतो, म्हणजे चिलमीच्या वाटीचा दगड. शास्त्रीय नाव सेपिओलाइट. ते 1847 मध्ये ठेवलं गेलं, ‘सेपिया’ म्हणजे माकूल यावरून. म्हणजे अम्मीच्या डब्यातली वडी आणि हा पाइप यांचं रक्ताचं नातं नसलं, तरी नावाचं आहे.

हा दगड समुद्रात मात्र सापडत नाही. तुर्कस्तानात एस्कीशेहिर या शहराच्या आसपास खोल विहिरींसारखे खड्डे खणून त्याचे गोळे वर काढतात. मॅग्नेशियम आणि सिलिका यांपासून बनलेली ही एक प्रकारची मातीच. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा काळा पाषाण आठवा. शके 982, म्हणजे 1060 सालचा त्यात शिलालेख आहे. त्या दगडावर छिन्नी चालवताना कारागिरांचे हात भरून आले असतील. मीरशम ओला असताना सुरीने साबणासारखा कापता येतो. कोरून, वाळवून, घासून झाला की त्याला मधमाश्यांच्या मेणात बुडवतात. वाळल्यावर तो इतका सच्छिद्र आणि हलका होतो, की पाण्यावर तरंगू शकतो.

पहिल्यांदा पाइप तोंडाला लावणाऱ्यांचा इतिहास मोठा आहे. 1604 च्या सुमारास असद बेग हा मोगल सरदार विजापूरहून परतला, तेव्हा त्याने अकबरासाठी तंबाखू आणि रत्नजडित नळी आणली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने अडवलं. बादशहाला काही ती सवय लागली नाही, दरबाराला मात्र लागली. पुढे 1617 मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. बंदीचं काय झालं, ते आपण पानाच्या टपरीवर रोज पाहतोच.

मीही एका रविवारी संध्याकाळी गॅलरीत बसलो. मित्रांनी रीत समजावून दिली होती. तंबाखू तळाशी सैल, वर थोडी घट्ट भरायची. पहिल्या काडीने ती फुगून वर येते आणि विझते. ती हलकेच दाबून दुसरी काडी लावायची. काडीचा गुल पूर्ण जळू द्यायचा, नाहीतर गंधकाची चव पाइपात उतरते. धूर छातीत घ्यायचा नाही, झुरका सावकाश घ्यायचा. घाई केली की जीभ पोळते. माझी पोळलीच. वाटी गरम असताना बोट लावायचं नाही, मेणावर डाग पडतो. राखेचा थर आत जाड होऊ द्यायचा नाही, तो तापून फुगला तर दगडाला तडा जातो.

काडीची गोष्ट मला कोणी शिकवायला नको होती. अब्बा विम्कोत होते. ही आगपेट्यांची कंपनी 1923 मध्ये स्वीडिश भांडवलावर सुरू झाली. तिचा अंबरनाथचा कारखाना आता नाही, विम्को नाका आहे. गुलात पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक, पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस, हे मी रसायनशास्त्राच्या आधी अब्बांकडून शिकलो. कारखान्यात विडी चालत नसे, म्हणून पाळी सुटली की ते आधी विडी पेटवत.

मीरशमची खरी ख्याती त्याच्या रंगाची. धुरातला ओलावा आणि डांबर हा दगड शोषतो. पांढरा पाइप आधी दांडीजवळ पिवळसर, मग मधासारखा, आणि वर्षांनंतर पिकल्या चेरीसारखा तांबूस होतो. शौकीन लोक असा रंगलेला पाइप अभिमानाने दाखवतात.

चार रविवार झाले. पाचव्या रविवारी पाइप पुसताना दांडीच्या मुळाशी फिकट पिवळी छटा दिसली. ती मी ओळखली. अब्बांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर हाच रंग होता. साबणाने जात नसे, लिंबानेही जात नसे. बोटांवरचा आम्हाला दिसत होता. घशातला दिसला तो परळच्या फेऱ्या सुरू झाल्यावर, 1998 मध्ये. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

दगड डांबर शोषतो म्हणून पाइप निर्धोक, असा एक समज आहे. तो खरा नाही. दगड थोडं ठेवून घेतो, बाकीचं ओढणाऱ्याकडे जातं. धूर छातीत न घेताही तोंडाचा आणि घशाचा कर्करोग पाइपवाल्यांना होतो. तंबाखूच्या धुरात कर्करोगाला कारण ठरणारी सत्तरएक द्रव्यं आहेत, आणि विडी, हुक्का, पाइप यांपैकी कशातही त्यांची सुटका नाही.

मित्र परवा विचारत होते, “साईं, रंग चढला की नाही?” मी म्हटलं, “चढला, तेवढा पुरे.” पाइप आता पुस्तकांच्या कपाटात आहे. वरून पांढरा, मुळाशी किंचित पिवळा. नातू विचारतो हे काय, तेव्हा मी त्याला आधी समुद्राच्या फेसाची गोष्ट सांगतो, आणि मग त्याच्या पणजोबांच्या बोटांची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)