हयात मोटारींची नोंदवही

सहामाही परीक्षेचे पेपर परत देत असतां नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या वहीवर मला एका पांढऱ्या मोटारीचें चित्र चिकटविलेलें दिसलें. लांब नाक, आंत ओढलेली कंबर, आणि पाठीमागें उतरत गेलेलें छप्पर. कोणती मोटार म्हणून विचारतां तो उत्साहानें म्हणाला, "सर, ही टोयोटा २००० जीटी. अशा फक्त ३५१ केल्या." मीं सहज विचारलें, "मग आज त्यांतल्या किती उरल्या आहेत?" मुलगा घुटमळला, आणि खरें सांगावयाचें तर उत्तर मजपाशींही नव्हतें.

प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु तो सोडविण्यास काय काय करावें लागतें हें पाहूं लागलों, तेव्हां एका निराळ्याच विद्येचा परिचय झाला. जुन्या जपानी स्पोर्ट्स मोटारींचे शौकीन जपानांत आहेत, तसेच युरोपांत, अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांतही आहेत. आणि त्यांतील कांहीं लोक पदरमोड करून हयात गाड्यांच्या व त्यांच्या मालकांच्या नोंदवह्या ठेवितात. त्या कामाची आमच्या विद्यार्थिमित्रांस थोडी ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कारखान्यास विचारलें म्हणजे झालें, असें कोणासही वाटेल. पण कारखान्याच्या दप्तरांत गाडी बाहेर पडल्याची तारीख मिळते. ती पुढें जगली कीं मोडीत निघाली, हें तेथें कोण लिहिणार? आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचेंच पाहा. मुलगा दाखल झाला, त्यास क्रमांक मिळाला, आणि अमुक दिवशीं तो दाखला घेऊन गेला, एवढें त्यांत सांपडतें. पुढें तो पुण्यास नोकरीस लागला कीं दुबईस गेला, हें माजी विद्यार्थ्यांच्या पत्रांवरूनच कळावयाचें. जन्माची नोंद एकाकडे व हयातीची दुसऱ्याकडे, असा हा भेद आहे.

त्या विद्यार्थ्याच्या चित्रांतील मोटार टोयोटा व यामाहा या दोन कंपन्यांच्या सहकार्यानें निर्माण झाली, व १९६७ ते १९७० या काळांत ती यामाहाच्या कारखान्यांत बांधली गेली. तिचें सहा सिलिंडरांचें, १,९८८ घनसेंटिमीटरचें एंजिन १५० अश्वशक्ति देत असे. विक्रीस येण्यापूर्वीं, १९६६ च्या ऑक्टोबरांत, यातबे येथील चाचणीमार्गावर या जातीच्या एका गाडीनें ७२ तास अहोरात्र धांवून ३ जागतिक व १३ आंतरराष्ट्रीय उच्चांक केले. १९६७ सालच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या चित्रपटासाठीं तिच्या दोन बिनछपराच्या गाड्या करविल्या होत्या. त्यांतील एक आज टोयोटाच्या मोटार-संग्रहालयांत आहे.

आतां ३५१ हा आंकडा घ्या. त्यांत विक्रीच्या गाड्यांबरोबर प्रयोगाच्या व शर्यतीच्या गाड्याही धरलेल्या आहेत. नेहमीच्या उत्पादनाच्या तेवढ्या मोजल्या, तर संख्या ३३७ होते. दोन्ही आंकडे आपापल्या परी खरे. पण नोंदवही कोणत्या आंकड्यावर उभी आहे हें पहिल्याच पानावर लिहून ठेविलें नाहीं, तर दहा वर्षांनीं कोणीतरी चौदा गाड्या हरवल्या म्हणून शोधीत बसेल. काय मोजावयाचें तें आधीं ठरवावें, व मग मोजावें.

त्यानंतरचा प्रश्न ओळखीचा. मोटारीचा रंग पालटतो, नंबरप्लेट पालटते, मालक तर पालटतोच. एकच गाडी नागोयांत लाल असतांना एकानें पाहिली, आणि कॅलिफोर्नियांत पांढरी झाल्यावर दुसऱ्यानें पाहिली, कीं वहींत दोन गाड्या होतात. म्हणून मोटारीचें खरें नांव म्हणजे तिच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक. आपल्याकडील गॅरेजवाले त्यास चेसिस नंबर म्हणतात. टोयोटा २००० जीटीचा क्रमांक एमएफ१० या अक्षरांनीं सुरू होतो, व सुकाणू डाव्या हातास असलेल्या गाडीस पुढें एल हें अक्षर लागतें. वहींतील प्रत्येक ओळ या क्रमांकावर बांधावयाची, मालकाच्या नांवावर नव्हे. मालकाच्या नांवावर बांधलेली वही ही माणसांची यादी होते, आणि माणसानें गाडी विकतांच ती ओळ खोटी ठरते. क्रमांकावर बांधलेल्या वहींत एकाखालीं एक मालक येत जातात, व गाडीचें चरित्र आपोआप तयार होतें.

एंजिनासही स्वतःचा क्रमांक असतो. पण त्यावर फार भिस्त ठेवूं नये. याचें उत्तम उदाहरण म्हणजे माझ्दा कॉस्मो स्पोर्ट ही हिरोशिमाची मोटार. १९६७ च्या मे महिन्यांत ती विक्रीस आली. तिच्या एंजिनांत वरखालीं जाणारा दट्ट्या मुळींच नाहीं. रेशमाच्या कोशासारख्या पोकळींत एक त्रिकोणी फिरकी गरगरत असते, व तिच्या तीन कडांवर बसविलेल्या पट्ट्या भिंतीस घांसत जाऊन वायूस कोंडून धरतात. मूळ कल्पना फेलिक्स व्हांकेल या जर्मन संशोधकाची. माझ्दानें ती एनएसयू या जर्मन कंपनीकडून परवान्यानें घेतली खरी. पण सुरुवातीच्या एंजिनांत त्या पट्ट्या भिंतीवर असे ओरखडे काढीत, कीं त्यांस सैतानाच्या नखांच्या खुणा असें नांव पडलें. केनिची यामामोतो यांच्या हाताखालील अभियंत्यांनीं वर्षानुवर्षें खपून, ॲल्युमिनियम मुरविलेल्या कार्बनच्या पट्ट्या तयार केल्या, तेव्हां कोठें तो दोष हटला. १९६८ सालीं जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग येथें झालेल्या ८४ तासांच्या शर्यतींत दोन कॉस्मो धांवल्या. एक शेवटच्या कांहीं तासांत बंद पडली, व दुसरी चौथी आली.

थोडें विषयांतर झालें, पण तें निष्कारण नव्हे. अशीं एंजिनें झिजलीं म्हणजे उघडावीं लागतात, आणि कित्येक वेळां तीं काढून त्यांच्या जागीं दुसरीं बसवितात. अशा स्थितींत एंजिनाचा क्रमांक मूळचा नाहीं एवढ्यावरून गाडी खोटी ठरविणें, म्हणजे कवळी बसविली म्हणून माणूसच दुसरा, असें म्हणण्यासारखें आहे. वहींत एंजिनाचा रकाना निराळा ठेवावा, आणि मूळचें, बदललेलें किंवा पाहिलेलें नाहीं, यांपैकीं जें खरें असेल तें लिहावें.

कॉस्मो दोन मालिकांत निघाली. पहिल्या मालिकेच्या ३४३ गाड्या झाल्या, दुसरीच्या, १९६८ च्या जुलैपासून १९७२ पर्यंत, ८३३, एकूण १,१७६. दुसऱ्या मालिकेंत पुढच्यामागच्या चाकांमधील अंतर २,२०० मिलिमीटरांवरून २,३५० वर गेलें, शक्ति ११० ची १२८ झाली, चार गिअरांचे पांच झाले, आणि समोरचें हवा घेण्याचें तोंड मोठें झालें. संकलकास हे बारकावे फार उपयोगी पडतात. समजा, कोणी एल१०ए म्हणजे पहिल्या मालिकेचा क्रमांक लिहून पाठविला, व सोबतच्या छायाचित्रांत मात्र मोठें तोंड दिसत आहे. अशा वेळीं लेखणी थांबवून पुन्हां विचारावें. त्यांत लबाडीच असेल असें नाहीं. अपघातांत पुढचा भाग चेपला, व हाताशीं आला तो दुसऱ्या मालिकेचा बसविला, असेंही घडतें. मग चाकांमधील अंतर मोजून पाठविण्यास सांगावें. पत्रा बदलतां येतो, दीडशें मिलिमीटर लपवितां येत नाहींत.

माहिती मिळते ती मालकांच्या पत्रांवरून, मेळाव्यांतील छायाचित्रांवरून, लिलावांच्या छापील याद्यांवरून, जुन्या मासिकांतील विक्रीच्या जाहिरातींवरून, आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या बिलांवरून. यांपैकीं कारागिरांचीं बिलें मला सर्वांत विश्वसनीय वाटतात. कारण गाडीची तारीफ करण्यासाठीं तीं लिहिलेलीं नसतात.

जपानच्या सरकारी दप्तराविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. तेथें जुन्या खासगी मोटारीची दर दोन वर्षांनीं सक्तीची तपासणी होते. तिला शाकेन म्हणतात. ती खर्चाची असल्यामुळें, गाडी न वापरणारा मालक तिची सरकारी नोंद तात्पुरती रद्द करून घेऊं शकतो. नोंद कायमची रद्द करण्याचा प्रकार निराळा. तात्पुरती नोंद रद्द झालेली गाडी सरकारच्या दृष्टीनें रस्त्यावर नाहीं. पण ती एखाद्या शेतघरांत चाळीस वर्षें ताडपत्रीखालीं उभी असूं शकते. म्हणून ज्या क्रमांकाची वार्ता नाहीं, त्यापुढें नष्ट असा शेरा मारणें ही या कामांतील सर्वांत मोठी चूक होय. नष्ट म्हणण्यासही पुरावा हवा. भंगारवाल्याचा दाखला, जळालेल्या सांगाड्याचें छायाचित्र, किंवा मोडतांना समोर असलेल्या माणसाचें सहीचें पत्र, यांपैकीं कांहींतरी पाहिजे. एरवीं लिहावयाचें तें एवढेंच, कीं अमुक सालीं अमुक ठिकाणीं शेवटची दिसली.

एवढ्या काटेकोरपणाचें कारण पैसा हें आहे. १९७३ सालीं निसानच्या स्कायलाईन जीटी-आर मोटारीची दुसरी पिढी निघाली, व तिच्या अवघ्या १९७ गाड्या झाल्या. तिच्या सांगाड्याचीं अक्षरें केपीजीसी११०. त्याच घडणीची साधी दोनदारी स्कायलाईन जीटी मात्र केजीसी११० या अक्षरांची असून ती पुष्कळ झाली. कागदावर फरक एका पी चा; प्रत्यक्षांत त्या पी चा अर्थ एस२० हें चोवीस व्हॉल्व्हांचें शर्यतीच्या वंशाचें एंजिन. बिल्ले, जाळी, चाकांवरील रुंद कडा हें सर्व नंतर चढवितां येतें. कित्येक लोक साध्या गाडीस हौसेनें असा वेष देतात व तसें उघड सांगतात. त्यांत कांहीं दोष नाहीं. परंतु तीच गाडी तिघांच्या हातांतून गेल्यावर चौथ्यास अस्सल म्हणून विकली जाण्याचें भय असतें. टोयोटा २००० जीटी तर २०१३ सालीं अमेरिकेंतील लिलावांत दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. अशा बाजारांत नोंदवही ही नुसती हौस राहत नाहीं. तींत नोंद असणें म्हणजे गाडीस दाखला मिळणें, आणि दाखला देणाऱ्याच्या दारीं भिडेचीं माणसें येणारच. ज्यास "मला पुरावा दिसला नाहीं" हें वाक्य मित्रासही सांगतां येत नाहीं, त्यानें हें काम अंगावर घेऊं नये.

या कामांत गुप्ततेचेंही महत्त्व आहे. नष्ट झालेल्या गाडीचा पूर्ण क्रमांक छापला, तर तोच दुसऱ्या सांगाड्यावर कोरून मेलेली गाडी जिवंत करणें सोपें होतें. म्हणून छापील प्रतींत शेवटचे दोन आंकडे झांकावे, व मूळ वही दोघां-तिघां भरंवशाच्या माणसांकडे असावी. मालकाचें नांव व पत्ता तर त्याच्या लेखी संमतीवांचून छापूंच नये. मालकांच्या नांवांची लांबलचक यादी छापणें कोणास भूषणाचें वाटेल. मला तें पटत नाहीं. इतकी मोलाची वस्तु कोणत्या गल्लींत उभी आहे, हें चोरास कळविण्याचें कांहीं कारण नाहीं.

आणि हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. १९६७ सालीं ज्यानें तिशींत असतां नवी कॉस्मो घेतली, तो गृहस्थ हयात असल्यास आज पंच्याऐंशीच्या पुढें गेला आहे. गाडी कोणत्या दुकानांतून घेतली, पहिला रंग कोणता, एंजिन केव्हां व कां बदललें, हें त्यासच ठाऊक. त्याच्या पश्चात् मुलें गाडी विकतात, कारण तिला किंमत आहे. कपाटांतला कागदांचा गठ्ठा रद्दींत जातो, कारण त्याची किंमत त्यांस कोणी सांगितलेली नसते. २०२० सालीं टोयोटानें २००० जीटीच्या गिअरपेटीचे व डिफरन्शियलचे भाग पुन्हां करून देण्याचें जाहीर केलें, व ते या गाडीच्या मालकांसच विकावे असें ठरविलें. एकेक भाग किती करावा हें ठरवावयाचें, तरी किती गाड्या जिवंत आहेत याचा अंदाज लागतोच.

हें सारें मीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें, तेव्हां तो थोडा हिरमुसला. त्यास एक आंकडा हवा होता. पुढच्या आठवड्यांत मात्र त्यानें वहीच्या मागच्या पानावर रकाने आंखून आणले: क्रमांक, एंजिन, शेवटची कोठें दिसली, कोणी पाहिली. पहिल्या ओळींत संग्रहालयांतील ती बिनछपराची गाडी होती, व क्रमांकाचा रकाना त्यानें प्रामाणिकपणें कोरा ठेविला होता. 'कोणी पाहिली' या रकान्यांत मात्र त्यानें स्वतःचें नांव घातलें होतें, कारण तो चित्रपट त्यानें पाहिला होता. तें मीं त्यास खोडावयास लावलें.