श्मश्रुकर्मातील फेस : साबण, पाणी व पद्धती यांचा तौलनिक विचार

दाढी केल्यावर गालांची आग होणे, हनुवटीखाली व मानेवर बारीक पुटकुळ्या उठणे, त्वचा ताणली जाऊन कोरडी पडणे, अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण प्रत्येक चिकित्सालयात असतात. आपल्याकडे येण्यापूर्वी बहुतेकांनी साबण दोन-तीनदा बदललेला असतो आणि दुकानातून आणलेले एखादे मलमही लावून पाहिलेले असते. तक्रार मात्र कायम असते. याचे कारण असे की, हेतूचा शोध साबणाच्या वेष्टनावर घेतला जातो. फेस कसा होतो, त्यात पाणी किती असते व तो त्वचेवर किती वेळ राहतो, याकडे कोणी पाहत नाही. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र मानणाऱ्या आपल्या शास्त्राने तरी हा विचार करावयास हवा. प्रस्तुत लेखात आम्ही दाढीच्या साबणांचे प्रकार व फेस करण्याच्या पद्धती यांची तुलना मांडत आहोत.

शास्त्रातील स्थान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, केश, श्मश्रू व नखे कापण्याचे गुण सांगितले आहेत. आठव्या अध्यायात हे कर्म पक्षातून तीन वेळा करावे असा निर्देश आहे. म्हणजे साधारणतः पाच दिवसांतून एकदा. आजचा नोकरदार मनुष्य पंधरवड्यात पंधरा वेळा दाढी करतो. त्वचेच्या वरच्या थरावरील घर्षण व साबणाचा संपर्क हे दोन्ही त्यामुळे पाचपट झाले आहेत. पाच दिवसांच्या अंतरात जी त्वचा स्वतःला सावरून घेते, तिला आता एका रात्रीत सावरावे लागते. म्हणून उपचाराच्या काळात काही दिवस दाढी बंद ठेवणे किंवा एक दिवसाआड करणे शक्य आहे काय, हा प्रश्न औषध लिहिण्यापूर्वी विचारावा.

फेस नेमके काय करतो?

कोरडा केस कठीण असतो. पाणी शोषून घेतल्यावर तो फुगतो व मऊ होतो आणि त्यास कापण्यासाठी पुष्कळ कमी जोर लागतो. याकरिता कोमट पाण्याचा संपर्क दोन ते तीन मिनिटे तरी मिळावा लागतो. साबणाची कामे तीन. केसावरील तेलकट थर दूर करून पाण्यास वाट करून देणे, ते पाणी केसाभोवती धरून ठेवणे आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर निर्माण करणे. केस मऊ करते ते पाणी. फेस हा त्या पाण्याचा आधार होय.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. निरोगी त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. खऱ्या साबणाच्या द्रावणाचा सामू ९ ते १० इतका असतो. आपल्या परिभाषेत बोलायचे तर साबण हे क्षारधर्मी द्रव्य आहे. ते त्वचेचा स्नेह हरण करते. फेस ओला असेपर्यंत हा दोष सौम्य राहतो. फेस चेहऱ्यावर वाळू लागला की पाणी निघून जाते, क्षार मात्र त्वचेवर उरतो आणि निसरडेपणाही संपतो. अशा वाळलेल्या फेसावरून पाते फिरविणे हे दाहाचे सर्वांत सामान्य कारण होय, असे आमचे निरीक्षण आहे.

साबणांची तुलना

१. कठीण वडी अथवा कांडी : ही मुख्यतः स्टिअरिक आम्ल व खोबरेल यांवर कॉस्टिक पोटॅश आणि कॉस्टिक सोडा यांची क्रिया करून बनते. पोटॅशमुळे फेस लवकर होतो, सोड्यामुळे वडी घट्ट राहते. स्टिअरिक आम्लाचा फेस बारीक बुडबुड्यांचा, दाट व टिकाऊ असतो. ग्लिसरीन किंवा लॅनोलिन घातलेली वडी कोरड्या त्वचेस विशेष मानवते. हिला ब्रश, थोडा वेळ व थोडा सराव लागतो.

२. ट्यूबमधील फेसाळ क्रीम : यात पोटॅशचा साबण व पाणी यांचे प्रमाण अधिक असते. फेस झटपट होतो, नवख्यास जमतो. मात्र क्रीम जास्त घेऊन पाणी कमी वापरण्याची चूक येथेच अधिक होते.

३. बिनब्रशचे क्रीम : हे तेल व पाण्याचे मिश्रण असून त्याला फेस येत नाही. कोरड्या, नाजूक त्वचेस ते सुखावह असते. परंतु त्यापूर्वी चेहरा नीट भिजविला नसेल तर केस कठीणच राहतात.

४. डब्यातील तयार फेस : यात हवेचे प्रमाण मोठे असते. भरपूर दिसणाऱ्या या फेसात पाणी थोडेच असते आणि चोळण्याची क्रियाही होत नाही. वापरावयाचाच असेल तर ओल्या चेहऱ्यावर पातळ थर देऊन बोटांनी चोळावा.

५. अंगाचा साबण : हा बहुतांशी सोड्याचा असतो. बुडबुडे मोठे येतात, लगेच विरतात व फेस पटकन वाळतो. ग्रामीण भागात आजही अनेक जण याच साबणाने दाढी करतात. दाहाच्या रुग्णाने हा प्रथम सोडावा.

६. रिठा व शिकेकाई : परंपरागत म्हणून यांची शिफारस काही वेळा होते. यांतील फेनद्रव्ये केस धुण्यास उत्तम. परंतु त्यांच्या फेसास पात्याखाली लागणारा निसरडेपणा नाही व तो टिकतही नाही. शिवाय रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र जळजळ होते. दाढीसाठी यांचा आग्रह धरू नये, असे आम्हांस वाटते.

फेस करण्याच्या पद्धती

चेहऱ्यावर थेट ब्रशने फेस करणे ही पहिली पद्धत. गोलाकार फिरणाऱ्या ब्रशमुळे केस उभे राहतात आणि पाणी मुळापर्यंत पोहोचते. राठ, दाट दाढीच्या व्यक्तीस ही योग्य. वाटीत फेस करून नंतर चेहऱ्यावर लावणे ही दुसरी. यात त्वचेवरील घर्षण कमी होते. म्हणून पिडका, लाली किंवा पित्तप्रधान नाजूक त्वचा असता हिचा अवलंब करावा. नुसत्या बोटांनी फेस करणे ही तिसरी. मऊ व विरळ दाढीस ती पुरते, राठ दाढीस सहसा पुरत नाही.

पद्धती कोणतीही असो, क्रम पुढीलप्रमाणे असावा. चेहरा कोमट पाण्याने धुवून तो न पुसता ओला ठेवावा. पाणी फार कढत नसावे. त्याने दाह वाढतो. ब्रश दोन मिनिटे पाण्यात भिजवून हलकेच झटकावा. वडीवर अर्धा मिनिट फिरवून साबण घ्यावा व फेस करताना थेंबाथेंबाने पाणी घालत जावे. फेस बोटांच्या चिमटीत धरला असता बोटे सहज घसरली पाहिजेत आणि तो घट्ट दह्यासारखा तुकतुकीत दिसला पाहिजे. टोके उभी राहणारा, मळकट पांढरा फेस म्हणजे पाणी कमी. गळ्यावरून ओघळणारा फेस म्हणजे पाणी जास्त. चेहऱ्याचा एक भाग होईपर्यंत दुसरा वाळू लागल्यास ओला ब्रश पुन्हा फिरवावा. पाते केसांच्या वाढीच्या दिशेने, दाब न देता चालवावे. उलट दिशेने दुसरा हात फिरविण्याची सवय मानेवरील पुटकुळ्यांच्या रुग्णाने सोडावी.

डुकराच्या केसांचा ब्रश राठ असतो व भिजल्यावर मऊ होतो. ज्यांना तो वर्ज्य आहे त्यांना कृत्रिम धाग्यांचा ब्रश सुचवावा. तो मऊ असून लवकर वाळतो. वापरानंतर ब्रश धुवून मोकळ्या हवेत टांगावा. पावसाळ्यात बंद डबीत ठेवलेल्या ओल्या ब्रशला बुरशी धरते. पहिल्या महायुद्धाच्या काळात निर्जंतुक न केलेल्या केसांच्या ब्रशांतून ब्रिटन व अमेरिकेत अँथ्रॅक्सची लागण झाली होती, हा इतिहास ब्रशच्या स्वच्छतेचे महत्त्व पटविण्यास पुरेसा आहे. केशकर्तनालयात जाणाऱ्या रुग्णाने स्वतःचा ब्रश न्यावा व प्रत्येक वेळी नवे पाते वापरण्याचा आग्रह धरावा; सामायिक पात्यातून यकृतशोथाचे विषाणूही संक्रमित होऊ शकतात.

पाण्याचा दोष

आपल्या राज्यात अनेक गावी विंधनविहिरीचे पाणी दुष्फेन असते. त्यातील चुना व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाची क्रिया होऊन फुटलेल्या दह्यासारखा साका बनतो. फेस होत नाही आणि तो साका रोमरंध्रांपाशी चिकटून राहतो. शहरात मानवणारा साबण गावी गेल्यावर बाधतो, अशी तक्रार येते तेव्हा साबणाऐवजी पाणी तपासावे. उकळून, निवळून घेतलेल्या पाण्याचा किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा एक तांब्या दाढीपुरता वेगळा ठेवल्यास पुष्कळदा काम भागते.

‘वनौषधीयुक्त’ साबणाविषयी

येथे औषधनिर्मात्यांशी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पिपरमिंटच्या सत्त्वाने थंडी जाणणाऱ्या चेता उत्तेजित होतात. म्हणून गार वाटते. हा शीत स्पर्शाचा आभास आहे, शीतवीर्य द्रव्याचे दाहशमन नव्हे. सोललेल्या त्वचेवर तेच सत्त्व झोंबते. हळदीचे उदाहरण तर घरोघरी ठाऊक आहे : चुन्याच्या संपर्कात ती लाल होते. साबणाच्या क्षारातही तिचा रंग पालटतो व तिच्यातील रंजक द्रव्य फार काळ टिकत नाही. साबणात हळद घातली म्हणून हळदीचे गुण त्वचेस मिळतील, असे गृहीत धरता येत नाही. तुरटी साबणात मिसळली तर ती साबणच फोडते. तिचे स्थान फेस पूर्ण धुवून झाल्यावर आहे. तेव्हा ती ओली करून एकदाच हलकी फिरवावी व गार पाण्याने चेहरा धुवावा. चंदन, लव्हेंडर यांसारखी सुगंधी तेलेही काहींना असात्म्य असतात. वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण ग्राहकास सांगू नये.

लक्षणांवरून हेतूचा निर्णय

दाढी करतानाच किंवा लगेच आग होते आणि काही तासांत शमते, तेव्हा कोरडा फेस, बोथट पाते किंवा क्षाराचा अतियोग समजावा. साबण लागल्यावर एक-दोन दिवसांनी कंडू प्रधान होतो व लाली फेस लागलेल्या सर्व भागावर पसरते, तेव्हा साबणातील सुगंध वा अन्य घटकाचे असात्म्य मानून तो बंद करावा. नवा साबण कोपराच्या आतील बाजूस काही दिवस लावून पाहूनच चेहऱ्यावर वापरावा. मानेवर टोचणाऱ्या, मध्ये वळलेला केस दिसणाऱ्या पिडका असतील तर कापलेला केस त्वचेत उलटा शिरला आहे. येथे पद्धती बदलणे हीच चिकित्सा. पूययुक्त पिडका, पाक, किंवा कडा वाढत जाणारे खाजरे चट्टे हे जंतुसंसर्गाचे वा बुरशीचे निदर्शक असून साबणबदलाने बरे होणार नाहीत.

या शेवटच्या प्रकारातच सर्वांत मोठी हानी होते. दुकानातून चिठ्ठीवाचून घेतलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यावर लाली तात्पुरती ओसरते, रुग्ण समाधानी होतो आणि बुरशी आतून पसरत राहते. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात व मलम बंद करताच आग दुणावते. अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीवाचून विक्रीवर केंद्र शासनाने २०१८ मध्ये निर्बंध घातले. परंतु निर्बंध प्रत्यक्षात पाळला जातो तो दुकानाच्या फळीवर. औषधालय-चालकांनी दाढीच्या आगीवर मलम मागणाऱ्यास आधी फेसाविषयी दोन प्रश्न विचारावेत आणि पू, चट्टे किंवा दीर्घकाळची लाली असल्यास वैद्याकडे पाठवावे.

साध्या दाहात दाढीनंतर गार पाणी, ताज्या कोरफडीचा गर आणि रात्री शतधौत घृताचा अगदी पातळ लेप एवढे बहुधा पुरते. कोरड्या त्वचेस दाढीपूर्वी खोबरेलाचे दोन-तीन थेंब चोळावेत. अधिक तेलाने फेस बसतो.

सारांश असा की, साबणाची निवड दुय्यम आणि फेसाची पद्धती प्रमुख आहे. साधी वडी, सुफेन पाणी, ओला फेस व तीन मिनिटांचा धीर यांनी जे साधते, ते महागडी ट्यूब घाईत वापरून साधत नाही. रुग्णाचा साबण बदलण्यापूर्वी त्याने फेस कसा केला, हे वैद्याने एकदा त्याच्याकडून करवून पाहावे. अनेकदा निदान तेथेच होते आणि चिकित्साही.