उसनी चाल, स्वतःचे शब्द

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात, किंवा त्या बाजूच्या कुठल्याही गावात, एकादशीला भजन बसते आणि १४ एप्रिलच्या सुमारास गायन पार्टीचा मंडप पडतो. पेटी वाजवणाऱ्या पोराला विचारावे, ''बाबू, कुठे शिकलास?'' उत्तर ठरलेले : ''कुठीच नाही जी. आयकू आयकू आलं.'' थोडी ओळख वाढली की खिशातून घडी घातलेला कागद निघतो. त्यावर त्याने स्वतः रचलेले गाणे असते. घरी मात्र बाप म्हणत असतो, ''गाण्यानं पोट भरते काय?''

बापाचा प्रश्न खोटा नाही. सोयाबीन आणि तुरीच्या भावावर ज्याचे वर्ष अवलंबून, त्याने तो विचारायलाच हवा. पण ही पोरे खरोखर कोणाकडूनच शिकत नाहीत काय, हेही एकदा पाहायला हवे.

आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ साली जन्मलेल्या माणिकची शाळा प्राथमिक वर्गांपलीकडे गेली नाही. भजनात रमणारे हे पोर खंजिरीवर थाप देत स्वतःच पदे रचू लागले. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला जवळ केले आणि पुढे तेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास झाला. इंग्रज सरकारलाही त्या खंजिरीची धास्ती वाटली, असेच म्हणायचे.

दुसरे उदाहरण वामनदादा कर्डकांचे. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत आणि मिळेल तिथे कष्ट केले. एकदा कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, याचे त्यांना रडू कोसळले. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून ते अक्षरे शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरे पक्की केली. त्यांचे पहिले गाणे १९४३ सालचे, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवरचे विडंबन! पुढे बाबासाहेबांचा विचार त्यांनी गाण्यांतून गावोगाव नेला. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी ते गेले, पण मंडपातून त्यांची गाणी गेलेली नाहीत.

उसन्या चालीला नाक मुरडण्याचे कारण नाही. चाल हाच या पोरांचा मास्तर असतो. शब्द लांबला की चाल अडते, आखूड पडला की पोकळी राहते. कुठे श्वास घ्यायचा, ध्रुपदावर परत कसे यायचे, यमक कुठे पडले म्हणजे टाळी मिळते, हे सारे ती चालच शिकवते. दुसरा मास्तर म्हणजे समोरची बैठक. ओळ फसली तर लोक उठून पाणी प्यायला जातात, साधली तर 'वन्स मोअर' येतो. अशी रोखठोक परीक्षा कुठल्या विद्यालयात होते? तेव्हा आपणच शिकलेला म्हणजे गुरूविना वाढलेला नव्हे. त्याला गावाने शिकवलेले असते.

उणीव असते ती दुसरीकडेच. बँकेच्या नोकरीत मी पैसे काढण्याच्या स्लिपांवर पुष्कळ अंगठे घेतले. त्यातल्या कितीतरी जणांना रात्रभर पुरतील इतकी भजने पाठ असत, काहींनी स्वतः जोडलेलीही. अक्षर येत नाही म्हणजे भाषा येत नाही, असे मुळीच नव्हे. पण पाठ असलेले गाणे माणसाबरोबर जाते. म्हणून जुन्यांनी नाममुद्रेची युक्ती काढली. शेवटच्या कडव्यात नाव गुंफायचे, म्हणजे गाणे दहा गावे फिरले तरी धन्याचे नाव सोबत राहते. 'तुकड्यादास' आणि 'वामन' या मुद्रा म्हणूनच लोकांच्या ओठांवर राहिल्या.

आता गाणे मोबाइलवरून एका रात्रीत जिल्हा ओलांडते आणि शेवटचे कडवे पुष्कळदा गळूनच पडते. अशा वेळी कायदा ठाऊक असलेला बरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रचलेल्या शब्दांवर गीतकाराचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्या हिशेबाने वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. नोंदणी सक्तीची नाही, गाणे कागदावर उतरले की हक्क सुरू होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या गाण्याच्या इतर वापरातून येणाऱ्या मानधनातला गीतकाराचा वाटा कंपनीला परस्पर लिहूनही घेता येत नाही. मात्र हाच न्याय चालीलाही आहे. मंडपातल्या सरावाला उसनी चाल ठीक, पण ध्वनिमुद्रण करून विकायचे तर चालीच्या धन्याची परवानगी हवी. तेव्हा शिकायचे उसन्या चालीवर, पण बाजारात जायचे स्वतःची चाल घेऊन.

गाण्याने पोट भरेलच, असे मी कोणत्याही बापाला सांगणार नाही. पोराने शाळा सोडू नये, हातात एखादा कामधंदा ठेवावा. स्वतः वामनदादांनीही अंगमेहनतीची कामे केलीच. पण त्यासाठी गाणे बंद करायला लावण्याची गरज नाही. क्लास लावणे परवडत नसेल तर एक जाडशी वही आणून द्यावी. प्रत्येक गाण्याच्या वर तारीख आणि खाली पूर्ण नाव लिहायला सांगावे. आणि रविवारी जेवणे आटोपल्यावर घरच्यांनी बसून त्यातले एक गाणे नीट ऐकावे. आवडले नाही तर तसे स्पष्ट सांगावे, पण शेवटचे कडवे होईपर्यंत कोणी उठू नये.