कणगीतले धान्य, बाजारातले धान्य

पावसाचे मान आणि घरातील धान्य यांचे नाते वाटते तितके सरळ नाही. मेळघाटात पाऊस मुबलक पडतो; तरीही धारणी-चिखलदऱ्याच्या अनेक कोरकू कुटुंबांना आषाढ-श्रावणात धान्याची चणचण भासते. उताराची हलकी जमीन, सिंचनाची वाण आणि सुगीनंतर मजुरीसाठी गाव सोडणे, ही त्याची कारणे होत. उलट कोल्हापुरात राधानगरी धरणाने नदीकाठ बारमाही भिजविला. तेथील ऊसकरी धान्य विकत घेतो. पण ती ऐपत त्याच्यापाशी असते.

मराठवाड्याची तऱ्हा निराळी. लातूर-धाराशिवकडे खरिपात ज्वारी पिके. दाणे कणगीत जात, कडबा गुरांपुढे पडे. पुढे ते रान बहुतांशी सोयाबीनने घेतले. सोयाबीनची काही भाकरी होत नाही! भाव पडला की कोरडवाहू शेतकऱ्याचे ताटही आटते. शेतमजुराचे तर त्याहून आधी.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ पासून ते मोफत मिळते. हा आधार मोठाच. पण त्यात डाळ नाही, तेल नाही, आणि माप सर्वत्र एकच. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. तथापि मातीची कामे पावसाळ्यात मंदावतात, आणि मेळघाटाला मजुरी हवी असते ती नेमकी तेव्हाच. मराठवाड्याचे मागणे वेगळे आहे: ज्वारीची वेळेवर हमीभावाने खरेदी, आणि तीच ज्वारी तेथील रास्त भाव दुकानांत.