स्पोकचा पाना घेताना

आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावात सायकलचे चाक आऊट झाले, की डिंभे धरणाच्या कडेने खाली घोडेगावची वाट धरावी लागते. कामाचा खाडा होतो तो वेगळाच. म्हणून स्पोकचा पाना घरातच असावा, असे आम्ही म्हणतो. पण कोणता?

बाजारात अनेक खाचांचा गोल पाना स्वस्तात मिळतो. दुकानदार म्हणतो, सगळ्यांना बसतो. खरे तर पुष्कळदा कुठल्याच निपलला तो घट्ट बसत नाही! निपलची मापे ३.२३, ३.३०, ३.४५, ३.९६ मिलिमीटर अशी निरनिराळी असतात. केसाएवढ्या फरकाने पाना घसरतो, निपलचे कोपरे झिजतात आणि मग ते कोणालाच फिरवता येत नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, जुने निपल खिशात घालूनच दुकानात जा. बसेल ती सर्वांत अरुंद खाच आपली. शक्यतो एकाच मापाचा पाना घ्या.

घाटावरच्या पावसात स्पोक गंजून निपलला धरून बसतात. आधी तेलाचा थेंब, तासाभराने पाना. टायरच्या बाजूने पाहत घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले की स्पोक आवळतो. एका वेळी पाव फेराच. चाक डावीकडे जात असेल, तर तिथले उजव्या बाजूचे स्पोक आवळा.