जीप सकाळी का अडते? डिझेलच्या वाटेतली हवा शोधा

रात्री दारात उभी केलेली डिझेल जीप सकाळी चालू होता होत नाही. स्टार्टर नुसता फिरतो, धुराचा पत्ता नाही. मग चार पोरं बोलवा आणि ढकला. एकदा चालू झाली की दिवसभर नगर-शेवगाव करून येते, काही तक्रार नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच रडगाणं. मिस्त्री म्हणतो, "पंप खोलावा लागेल." पंप खोलला की खर्च हजारांत जातो, आणि पुष्कळदा दोष पंपात नसतोच. डिझेलच्या वाटेत कुठंतरी हवा शिरलेली असते. रात्री अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याला न्यायची वेळ आली म्हणजे या दोषाची खरी किंमत कळते.

हवा शिरते कशी, हे तुम्हाला विहिरीवरच्या पंपावरून चटकन कळेल. डिलिव्हरीचा पाईप फुटला तर पाणी उडतं, लांबून दिसतं. पण सक्शनचा जोड ढिला असला तर चालू पंपावर थेंबही बाहेर येत नाही; उलट पंप बाहेरची हवा ओढतो आणि पाणी सोडून देतो. जीपचंही तसंच. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी म्हणजे सक्शन. गाडी चालू असताना तिथं डिझेल गळत नाही, हवा आत जाते. म्हणून ओला डाग शोधत बसणारा माणूस फसतो. कोरडा, स्वच्छ दिसणारा जोडच चोर निघतो. रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीकडं परत जातं.

पहिली परीक्षा फुकटची. टाकी मागं असेल तर रात्री गाडी उतारावर, तोंड खाली करून लावा. टाकी उंचावर राहिल्यानं डिझेल मागं पळत नाही. सकाळी गाडी पटकन चालू झाली तर संशय पक्का समजा. (अकोल्याकडच्या डोंगरी गावांत ढकलायला सोपं म्हणून गाडी उतारावरच लावायची सवय, तिथं हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो.)

मग फीड पंपाच्या अलीकडं हातभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी जोडा आणि गाडी चालू ठेवून बघा. बुडबुडे धावताना दिसले तर हवा त्याच्याही मागून, टाकीच्या बाजूनं येते आहे. आता टाकीकडची नळी सोडवा आणि स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर बांधून त्यातून फीड पंपाला डिझेल द्या. कॅनवर गाडी नीट चालली तर पंपाला हात लावू नका; दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात आहे. कॅनवरही तोच त्रास झाला तर पुढं, फिल्टर आणि पंपाकडं वळा.

नेहमीचे चोर ठरलेले आहेत. क्लिपेखाली चिरलेली रबरी नळी, फिल्टरच्या वाटीची चेपलेली रिंग, टाकीत उतरणाऱ्या नळीची चीर, हातानं दाबायच्या प्रायमरचं झिजलेलं वायसर आणि बोल्टाखालचं तांब्याचं वायसर. हे तांबं एकदा आवळलं की कडक होतं, पुन्हा नीट बसत नाही. नवं टाका, नसेल तर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवा, मऊ पडतं. संशयाच्या जोडावर ग्रीस थापलं आणि बुडबुडे थांबले, तर जागा सापडली. पण ग्रीसवर भागवू नका, वायसर बदलाच. फिल्टर तुंबलेला असेल तर तोही बदला; टाकीच्या बाजूचा फिल्टर तुंबला की ओढ वाढते आणि बारीक फटही मोठं काम करते.

फट बुजवल्यावर आत राहिलेली हवा काढायला हवी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करून प्रायमर दाबत राहा. फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळा. मग पंपावरच्या स्क्रूचं तसंच करा. तरीही चालू झाली नाही तर नोझलकडचे नट थोडे ढिले करून स्टार्टर मारा, डिझेल दिसलं की आवळा. स्टार्टर एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये विसावा द्या, नाहीतर बॅटरी बसते आणि स्टार्टर तापतो.

हे सगळं जुन्या यांत्रिक पंपाच्या जीप आणि ट्रॅक्टरसाठी. कॉमन रेल इंजिनाच्या गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर नक्कीच, दाबाच्या बाजूचे नट घरी ढिले करू नका. तिथली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जुन्या गाडीतही नोझलच्या धारेसमोर बोट धरायचं नाही. चुकून धार लागली तर जखम टाचणीएवढी दिसेल, दुखणारही नाही. तरी त्याच घटकेला दवाखाना गाठा आणि "डिझेल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.